दादासाहेब मावळणकर : कायद्याच्या अखेरच्या प्रतीचे राखणदार

संसदेत एखादे विधेयक मंजूर झाले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झळकते आणि सर्वसामान्य वाचकांच्या दृष्टीने तो विषय संपतो. प्रत्यक्षात कायदा तेव्हा झालेला नसतो. सभागृहाने मान्य केलेला मूळ मजकूर, चर्चेच्या ओघात ऐनवेळी स्वीकारलेल्या दुरुस्त्या, त्यामुळे पुढेमागे सरकलेले कलमांचे क्रमांक, सुटलेला स्वल्पविराम, चुकीचे पडलेले वर्ष हे सारे जुळवून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी एक निर्दोष प्रत सिद्ध करावी लागते. या मधल्या काळात सभागृह उठलेले असते, सदस्य आपापल्या मतदारसंघांत पोहोचलेले असतात. पण विधेयकावरची लेखणी अजून चालू असते. ही लेखणी कोणाच्या हाती असावी आणि तिने कुठवर जावे, हा लोकशाहीतला नाजूक प्रश्न आहे. स्वतंत्र भारतात त्याचे उत्तर ज्यांच्या कारकिर्दीत रुळले, ते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर.

मावळणकरांचे नाव आज दिल्लीतील एका सभागृहामुळे आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतील एका ओळीमुळे परिचित आहे. पंडित नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हणून गौरविले, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र हा मान कशामुळे मिळाला, याचा शोध घेतला तर गाजलेली भाषणे किंवा आंदोलने फारशी हाती लागत नाहीत. हाती लागतात ते नियम, समित्या, निर्णय आणि विधेयकांच्या प्रतींवरील स्वाक्षऱ्या.

कोकणातले घराणे, गुजरातची कर्मभूमी

मावळणकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. गणेश वासुदेवांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोदे येथे झाला. सुरुवातीचे शिक्षण राजापूर आणि तत्कालीन मुंबई इलाख्यातील अन्य काही ठिकाणी झाल्यावर १९०२ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादला गेले आणि ते शहरच पुढे त्यांची कर्मभूमी ठरले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये त्यांनी विज्ञान शाखेची पदवी घेतली. पुढे कायद्याच्या परीक्षेत ते १९१२ मध्ये प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ पासून त्यांनी वकिली सुरू केली.

वकिलीतला त्यांचा जम लवकरच बसला. करारपत्रातला एखादा शब्द, दाव्यातली एखादी तारीख किंवा मिळकतीच्या वर्णनातली एखादी चतु:सीमा चुकली की अशिलाचे किती नुकसान होते, हे दिवाणी वकिलाला शिकवावे लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ नुसार निकालपत्रातील लेखनाच्या किंवा आकडेमोडीच्या चुका न्यायालयाला केव्हाही दुरुस्त करता येतात. पण त्या निमित्ताने निकाल बदलता येत नाही. चूक सुधारणे आणि निर्णय फिरवणे यांतील हा भेद या व्यवसायात रोजच्या सरावाचा असतो. पुढे सभापतिपदावर बसलेल्या मावळणकरांच्या कामात या शिस्तीची छाया सातत्याने दिसते.

वल्लभभाई पटेल आणि महात्मा गांधी यांच्या सहवासामुळे ते सार्वजनिक कार्यात ओढले गेले. १९१६ मध्ये ते गुजरात सभेचे मानद चिटणीस झाले. १९१८ च्या खेडा येथील करबंदीच्या लढ्यात त्यांनी भाग घेतला. डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे ते चिटणीस होते. अहमदाबाद नगरपालिकेत ते १९१९ पासून निवडून येत राहिले आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. त्याची एकूण मुदत सुमारे सहा वर्षांची भरते. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगारांच्या माणुसकीच्या कथा त्यांनी गुजरातीत लिहिल्या. घरची भाषा मराठी, सार्वजनिक जीवनाची भाषा गुजराती आणि विधिमंडळाच्या कामकाजाची इंग्रजी, अशा तीन भाषांत हा माणूस वावरला.

मुंबईच्या विधानसभेतील उमेदवारी

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत मावळणकर निवडून गेले आणि सभापतीही झाले. बाळासाहेब खेर प्रांताचे पंतप्रधान होते, तर स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर विरोधी बाकांवर होते. कायद्याच्या मसुद्यातील प्रत्येक शब्दाचा कीस काढू शकणारा विधिज्ञ समोर असताना सभापतीला नियमांची जाण पक्की ठेवावीच लागते. कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मांडलेले विधेयक याच सभागृहात आले. कामगारविषयक कायद्यांवर येथेच खडाजंगी झाली. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि हे पर्व आटोपले. परंतु सभापतिपदाची उमेदवारी मावळणकरांनी येथे पूर्ण केली.

जानेवारी १९४६ मध्ये ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्यांच्या विरोधात सर कावसजी जहांगीर होते. सरकारनियुक्त सदस्यांची मते विरोधात असतानाही मावळणकर ६६ विरुद्ध ६३ असे अवघ्या तीन मतांनी विजयी झाले. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ती विधानसभा संपुष्टात येईपर्यंत ते त्या पदावर होते.

घटनेचा मसुदा आणि स्वल्पविरामांचे दिवस

स्वातंत्र्यानंतर घटना समितीवर दुहेरी जबाबदारी आली. तिला घटना लिहायची होती आणि देशाचे रोजचे कायदेही करायचे होते. ही दोन कामे परस्परांत मिसळू न देता कशी चालवावीत, हे सुचविण्यासाठी ऑगस्ट १९४७ मध्ये मावळणकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दोन्ही कामे वेगळी ठेवावीत, असे या समितीने सुचविले. त्यानुसार घटनेच्या कामासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी बसत, तर समिती विधिमंडळ म्हणून भरे तेव्हा मावळणकर सभापती असत. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांची त्या पदावर निवड झाली.

घटनेच्या मसुद्याचा प्रवास हा लेखनशुद्धीच्या प्रश्नाचा मोठा धडा ठरला. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात ३१५ कलमे होती. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या आणि त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अखेरीस मंजूर झालेल्या घटनेत ३९५ कलमे आली. एवढी घडामोड झाल्यावर एका कलमातून दुसऱ्या कलमाकडे बोट दाखविणारे किती संदर्भ निखळले असतील, याची कल्पना करता येते. बंगालचे सदस्य नझिरुद्दीन अहमद यांनी स्वल्पविराम, विभक्ती, शब्दांचा क्रम अशा बारीकसारीक दुरुस्त्यांचा सपाटा लावला होता. सभागृहात त्यावरून हशा पिके. अशा अनेक दुरुस्त्या शेवटी मसुदा समितीच्या विवेकावर सोडण्यात आल्या.

दुसरे वाचन संपल्यावर मजकूर नीटनेटका करण्याचे, क्रमांक नव्याने लावण्याचे आणि आनुषंगिक बदल सुचविण्याचे काम डॉ. आंबेडकरांच्या समितीकडे आले. नोव्हेंबर १९४९ मध्ये सुधारित मसुदा सभागृहासमोर ठेवला गेला तेव्हा काही सदस्यांनी आक्षेप घेतला. समितीने सुचविलेले काही बदल केवळ औपचारिक नसून आशयाला हात घालणारे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते बदल सभागृहासमोर उघडपणे मांडले गेले आणि मंजुरीनंतरच घटनेत आले. घटना समितीचे सदस्य या नात्याने मावळणकर या साऱ्या घडामोडींच्या निकट होते. लेखनदोष दुरुस्त करणाऱ्याने आपला प्रत्येक बदल सभागृहाला दाखविता येईल असाच केला पाहिजे, हा त्यातला बोध होता.

उघड चूक कोणती?

२६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि घटना समितीचे हंगामी संसदेत रूपांतर झाले. मावळणकर सभापतिपदी कायम राहिले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी लोकसभेने त्यांची सभापती म्हणून निवड केली. विरोधी पक्षांनी शेतकरी कामगार पक्षाचे सोलापूरचे खासदार शंकरराव मोरे यांना उभे केले होते. मतदान ३९४ विरुद्ध ५५ असे झाले. देशाच्या पहिल्या लोकसभेच्या सभापतिपदासाठी दोन मराठी भाषकांत लढत झाली, याची नोंद महाराष्ट्रात क्वचितच घेतली जाते.

घटनेच्या ११८ व्या कलमाने प्रत्येक सभागृहाला आपले कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला. तोवर जुने नियम योग्य त्या फेरफारांसह लागू ठेवायचे होते आणि हे फेरफार सभापतींनी करायचे होते. लोकसभेच्या कामकाजाची नियमावली मावळणकरांच्या हाताखाली अशी घडत गेली. या नियमावलीतील, आज ९५ हा क्रमांक असलेला नियम अगदी लहान आहे. विधेयक सभागृहात मंजूर झाल्यावर त्यातील उघड चुका दुरुस्त करण्याचा आणि सभागृहाने स्वीकारलेल्या दुरुस्त्यांमुळे आवश्यक ठरणारे आनुषंगिक बदल करण्याचा अधिकार तो सभापतींना देतो.

यातील उघड या शब्दाला सारे महत्त्व आहे. वाचता क्षणीच चूक आहे असे दिसावे आणि ती कशी सुधारायची याविषयी दोन मते होऊ नयेत, तर ती उघड चूक. मध्येच एक नवे कलम घातल्यामुळे बारावे कलम तेरावे झाले, पण विसाव्या कलमात अजूनही बाराव्याचाच उल्लेख राहिला, तर तो उल्लेख सभापतींच्या अधिकारात बदलता येतो. छापताना एखादे अक्षर गळाले, कंस बंद करायचा राहिला, समासटीप मजकुराशी जुळेनाशी झाली, तर तेही दुरुस्त होते. परंतु आणि या शब्दाच्या जागी किंवा हवे होते, अथवा करील या ठिकाणी करू शकेल असे लिहायला हवे होते, असे नंतर कोणाच्या ध्यानात आले, तर तो बदल कितीही योग्य वाटला तरी लेखणीने करता येत नाही. त्यासाठी पुन्हा सभागृहाकडे जावे लागते.

हा भेद दिल्लीतील तज्ज्ञांपुरता नाही. नाशिक जिल्ह्यातील घोटी ही इगतपुरी तालुक्यातली भाताची बाजारपेठ. धरणे, लोहमार्ग आणि महामार्ग यांनी या तालुक्यातील जमिनींचे पिढ्यान्‌पिढ्या तुकडे पाडले आहेत. सातबारा उताऱ्यावर गट क्रमांकाचा एक आकडा किंवा नावातले एक अक्षर चुकले की भरपाई अडते, कर्ज अडते, वारसांत वाद होतात. अशा चुकांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १५५ आहे. लेखनप्रमाद किंवा संबंधित पक्षांनी कबूल केलेली चूक त्यानुसार दुरुस्त करता येते. तपासणीत महसूल अधिकाऱ्याला एखादी चूक आढळली, तर पक्षकारांना नोटीस देऊन त्यांच्या हरकती निकाली काढाव्याच लागतात. लेखनप्रमादाच्या नावाखाली मालकी हक्काचा निवाडा करता येत नाही. तलाठ्याच्या दप्तरातील एका आकड्याबाबत कायदा इतका सावध असेल, तर साऱ्या देशाला बांधणाऱ्या विधेयकाच्या बाबतीत त्याहून अधिक सावधगिरी हवी, हे घोटीच्या शेतकऱ्यालाही सांगावे लागणार नाही.

विधेयकाचा शेवटचा टप्पा

मावळणकरांच्या काळात रूढ झालेल्या कार्यपद्धतीत विधेयकाची तपासणी अनेक पातळ्यांवर होते. दुरुस्ती सुचविताना पान आणि ओळ यांचा उल्लेख करून कोणता शब्द गाळून कोणता घालायचा हे लेखी द्यावे लागते. कलमांवर एकेक करून मत घेतले जाते. पहिले कलम, अधिनियमन सूत्र आणि विधेयकाचे नाव शेवटी मंजूर होतात, कारण आधीच्या चर्चेत काय बदलेल हे सांगता येत नाही. त्यानंतर सचिवालयातील कर्मचारी मूळ विधेयक आणि स्वीकारलेल्या दुरुस्त्या समोरासमोर ठेवून मंजूर मजकुराची प्रत तयार करतात. ती दुसऱ्या सभागृहाकडे जाते. दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळाल्यावर संमतीसाठीची प्रत छापली जाते. विधेयक लोकसभेच्या ताब्यात असेल तर तिच्यावर सभापती स्वाक्षरी करतात आणि ती राष्ट्रपतींकडे रवाना होते.

काही चुका माणसाच्या नसतात. त्या दिनदर्शिकेच्या असतात. भारतीय कायद्याच्या आरंभी प्रजासत्ताकाच्या कितव्या वर्षी तो करण्यात आला हे लिहिलेले असते. एका सभागृहात डिसेंबरमध्ये मंजूर झालेले विधेयक दुसऱ्या सभागृहात नव्या वर्षी आले, तर नावातील इसवी सन जुना ठरतो आणि कधी प्रजासत्ताकाचे वर्षही बदललेले असते. वास्तविक ही अगदी निरुपद्रवी बाब. तरीही दुसरे सभागृह त्यासाठी रीतसर दुरुस्ती मंजूर करते आणि विधेयक पहिल्या सभागृहाच्या सहमतीसाठी परत जाते. एक आकडा बदलण्यासाठी दोन सभागृहांनी हात वर करायचे, हा प्रकार बाहेरच्या माणसाला वेळेचा अपव्यय वाटू शकतो. सभागृहाच्या मजकुराला सभागृहाखेरीज कोणी हात लावायचा नाही, ही शिस्त मात्र त्यातूनच टिकते.

या शिस्तीची कसोटी पाहणारे विधेयक मावळणकरांच्या अखेरच्या काळात आले. कंपन्यांविषयीचा कायदा नव्याने रचण्यासाठी सप्टेंबर १९५३ मध्ये एक विधेयक मांडण्यात आले. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी ते पुढे नेले. संयुक्त समितीतून आणि दोन्ही सभागृहांतून तावूनसुलाखून निघालेल्या या कायद्यात अखेर ६५८ कलमे होती. १९५३ चे विधेयक म्हणून सुरू झालेल्या या कायद्याला १८ जानेवारी १९५६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो कंपनी कायदा, १९५६ या नावाने ओळखला गेला. कलमाकलमांत परस्परांचे उल्लेख असलेला एवढा मजकूर निर्दोष करणे म्हणजे काय, हे छापखान्याशी संबंध आलेल्या कोणालाही समजेल.

एवढे करूनही चुका राहतात. संमतीनंतर ध्यानात आलेली चूक सभापतींच्या अधिकारापलीकडे जाते. राजपत्रात छापताना झालेली चूक शुद्धिपत्राने सुधारता येते. मूळ संमत प्रतीतच दोष असेल तर संसदेलाच नवा कायदा करावा लागतो. निरुपयोगी कायदे रद्द करणारे आणि उरलेल्यांतील दोष दूर करणारे कायदे संसदेने १९५०, १९५२ आणि १९५३ मध्ये केले ते यासाठीच.

लेखणी सरकारच्या हाती नको

या साऱ्या व्यवस्थेत मावळणकरांनी सर्वाधिक जपलेली गोष्ट म्हणजे सचिवालयाचे स्वातंत्र्य. विधेयकाची प्रत तयार करणारा कर्मचारी सरकारचा नोकर असेल, तर सभागृहाच्या मजकुरावर अखेरचा हात सरकारचाच फिरणार. ब्रिटिश राजवटीत प्रारंभी तसेच होते. विधेयकांचे मसुदे करणारे सरकारी खातेच विधानसभेचे कार्यालय चालवीत असे. त्याविरुद्ध तत्कालीन अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल झगडले आणि जानेवारी १९२९ मध्ये विधानसभेचे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. घटनेच्या ९८ व्या कलमाने संसदेच्या प्रत्येक सभागृहासाठी स्वतंत्र कर्मचारीवर्गाची तरतूद केली. सचिव महेश्वरनाथ कौल यांच्या साहाय्याने मावळणकरांनी या तरतुदीला प्रत्यक्ष रूप दिले.

अमेरिकेत २००६ मध्ये घडलेल्या एका प्रकारावरून या दक्षतेचे मोल कळते. वित्तीय तूट कमी करण्यासंबंधीच्या विधेयकात काही वैद्यकीय उपकरणांच्या भाड्याची मुदत सिनेटने १३ महिने ठरविली होती. प्रत तयार करताना लेखनिकाच्या हातून ती ३६ महिने अशी पडली आणि प्रतिनिधिगृहाने या चुकीच्या प्रतीवरच मतदान केले. विधेयक तेथे २१६ विरुद्ध २१४ मतांनी कसेबसे मंजूर झाले. पुढे अध्यक्षांकडे जाणाऱ्या प्रतीत आकडा पुन्हा १३ करण्यात आला आणि अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी तिच्यावर स्वाक्षरी केली. दोन्ही सभागृहांनी एकच मजकूर मंजूर केलेला नसताना हा कायदा कसा, असा प्रश्न न्यायालयात गेला. दोन्ही सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या प्रतीवर असल्याने न्यायालयांनी त्यामागे जाण्यास नकार दिला. प्रतीवरची स्वाक्षरी अखेरची ठरते. म्हणूनच ती करणाऱ्याची जबाबदारी मोठी असते.

मावळणकरांच्या स्वाक्षरीवरही एकदा वादळ उठले होते. एखादे विधेयक वित्तीय स्वरूपाचे धनविधेयक आहे की नाही, याचा निर्णय घटनेने लोकसभेच्या सभापतींवर सोपविला आहे. १९५३ मध्ये आयकर कायद्यातील दुरुस्तीच्या विधेयकाला मावळणकरांनी तसे प्रमाणपत्र दिले. वरिष्ठ सभागृहात, तेव्हाच्या कौन्सिल ऑफ स्टेट्समध्ये, त्याबाबत शंका उपस्थित झाली आणि कायदामंत्री चारुचंद्र बिस्वास यांच्या वक्तव्यावरून दोन्ही सभागृहांत तणाव निर्माण झाला. सभापतींचा निर्णय अंतिम असतो, असे पंतप्रधान नेहरूंनी स्पष्ट केल्यावर हा वाद शमला.

सरकारशी ताठर, सभागृहाशी बांधील

नेहरूंशी त्यांचे संबंध आदराचे होते. पण संसदेला वळसा घालून वटहुकूम काढण्याच्या प्रवृत्तीवर मावळणकरांनी सरकारला वारंवार पत्रे लिहून नापसंती कळविली. त्यामागील तर्क सरळ होता. विधेयकाच्या मजकुरावर अनेक डोळे फिरतात, अनेक तोंडांतून तो वाचला जातो आणि त्यामुळे त्यातील दोष बाहेर पडतात. वटहुकूम मोजक्या अधिकाऱ्यांच्या टेबलांवरून थेट राजपत्रात जातो. त्यातील चूक लोकांच्या डोक्यावर आदळल्यावरच कळते.

हीच दृष्टी त्यांनी उभारलेल्या समित्यांत दिसते. खर्चाची छाननी करणारी अंदाज समिती १९५० मध्ये सुरू झाली. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही, हे पाहणारी समिती डिसेंबर १९५३ मध्ये आली. त्याच महिन्यात दुय्यम विधिविधान समिती स्थापन झाली. कायद्याखाली सरकारी खाती जे नियम आणि अधिसूचना काढतात, ते मूळ कायद्याच्या चौकटीत आहेत काय, त्यांची भाषा संदिग्ध तर नाही ना, हे तपासणे हे तिचे काम. या समितीचे पहिले अध्यक्षपद विरोधी बाकांवरील निर्मलचंद्र चटर्जी यांच्याकडे देण्यात आले. नागरिकाचा कायद्याशी संबंध येतो तो बहुधा अशा नियमांमार्फतच. तेथली चूक शोधण्याचे काम विरोधकाला देण्यामागचा हेतू उघड होता.

मावळणकरांवर टीका झालीच नाही असे नव्हे. ते काँग्रेसचे सदस्य राहिले आणि पक्षाच्या तिकिटावर निवडून आले, हे विरोधकांना खुपे. स्थगन प्रस्ताव ते सहसा स्वीकारत नाहीत, अशीही तक्रार होती. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेला आला. स्वतंत्र भारतातील सभापतींविरुद्धचा तो पहिला ठराव. सभागृहाने तो फेटाळला. त्यांच्या निर्णयांविषयी मतभेद असू शकतात. मात्र सभागृहाच्या मंजूर मजकुरात त्यांनी मनाजोगता फेरफार केला, असा आरोप त्यांच्या कट्टर टीकाकारांनीही पुढे केला नाही.

अखेर

विधिमंडळाबाहेरही त्यांचा व्याप मोठा होता. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक न्यास आणि गांधी स्मारक निधी यांची धुरा त्यांनी सांभाळली. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. त्यातून पुढे त्या शहरातील उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला. प्रकृतीची तक्रार असतानाही त्यांनी दौरे आणि बैठका कमी केल्या नाहीत. जानेवारी १९५६ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबाद येथे, पदावर असतानाच, वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागी पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. पुत्र पुरुषोत्तम मावळणकर यांनीही पुढे लोकसभेत अहमदाबाद व गांधीनगरचे प्रतिनिधित्व केले.

मावळणकर ज्या इमारतीत अध्यक्षस्थानी बसत, तिला आता संविधान सदन म्हणतात आणि लोकसभेचे कामकाज २०२३ पासून नव्या इमारतीत चालते. विधेयके आता संगणकावर तयार होतात. खिळे जुळविणारा छापखान्याचा कामगार इतिहासजमा झाला आहे. चुका मात्र संपलेल्या नाहीत. उलट एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणे सोपे झाल्याने जुने संदर्भ नव्या कायद्यात तसेच राहून जाण्याचा धोका वाढला आहे. अनेक विधेयके थोडक्या चर्चेत, काही वेळा गोंधळात मंजूर होतात, तेव्हा त्यांतील दोष सभागृहातच पकडले जाण्याची शक्यता कमी होते आणि नंतरच्या लेखणीवरचा भार वाढतो.

अशा वेळी त्या लेखणीला असलेली मर्यादा अधिक मोलाची ठरते. क्रमांक जुळवावा, अक्षर सुधारावे, कंस बंद करावा आणि तेथेच थांबावे. अर्थ बदलायचा असेल तर विधेयक पुन्हा लोकप्रतिनिधींसमोर न्यावे. दादासाहेब मावळणकरांनी आपल्या कारकिर्दीत सभापतींचे अधिकार पुष्कळ वाढविले. तरी सभागृहाने उच्चारलेल्या शब्दापुढे ते अधिकार थांबतात, हे त्यांनी कधी विसरू दिले नाही. संमतीसाठी राष्ट्रपतींकडे जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर आजही पीठासीन अधिकाऱ्याची स्वाक्षरी असते. वरचा मजकूर लोकांच्या प्रतिनिधींनी मंजूर केला तोच आहे, एवढीच ग्वाही ती देते आणि प्रजेला तेवढीच हवी असते.